विश्लेषण : दोन मुलांची आई, आठ दिवसांत चार सुवर्णपदके… फॅनी ब्लँकर्स-कून यांना ‘उडणारी गृहिणी’ का म्हटले गेले?

लंडनमध्ये १९४८ साली झालेल्या ऑलिम्पिकमध्ये महिलांसाठी अ‍ॅथलेटिक्सचे जेमतेम नऊ प्रकार होते. त्यातली चार सुवर्णपदके एकाच खेळाडूने नेली. नेदरलँड्सच्या फॅनी ब्लँकर्स-कून तेव्हा ३० वर्षांच्या होत्या आणि दोन मुलांच्या आई होत्या. अ‍ॅथलेटिक्समध्ये एकाच ऑलिम्पिकमध्ये चार सुवर्णपदके जिंकणारी दुसरी महिला आजवर झालेली नाही. तरीही वृत्तपत्रांनी त्यांना जे नाव दिले, त्यात विक्रमांचा उल्लेख नव्हता. घराचा होता. ते नाव म्हणजे ‘उडणारी गृहिणी’.

हे कौतुक होते की टोमणा? त्यांचे आयुष्य पाहिले की दोन्ही होते, असेच म्हणावे लागते.

पोहण्याऐवजी धावणे कसे निवडले?

फॅनी यांचा जन्म २६ एप्रिल १९१८ रोजी नेदरलँड्समधील लागे फ्युर्श या छोट्या गावात झाला. पाच भाऊ आणि ही एक बहीण. वडील आर्नोल्डस कून स्वतः गोळाफेक आणि थाळीफेक करायचे, त्यामुळे मुलीने मैदानावर जाण्याला घरातून आडकाठी नव्हती. टेनिस, पोहणे, जिम्नॅस्टिक्स, बर्फावरचे स्केटिंग, तलवारबाजी असे सगळे करून झाले. यातले नेमके काय धरायचे, हा प्रश्न होता.

तो सोडवला पोहण्याच्या प्रशिक्षकाने. नेदरलँड्सकडे त्या वेळी जागतिक दर्जाच्या महिला जलतरणपटूंची रांग होती. तिथे जागा मिळणे कठीण, त्यापेक्षा धावायला लाग, असा सल्ला त्याने दिला. पहिली स्पर्धा १९३५ साली झाली आणि तिसऱ्याच शर्यतीत १७ वर्षांच्या फॅनी यांनी ८०० मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला.

मात्र त्या विक्रमाचा ऑलिम्पिकसाठी काहीच उपयोग नव्हता. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये महिलांची ८०० मीटर शर्यत पहिल्यांदा झाली. शर्यतीनंतर काही धावपटू दमून खाली बसल्या, तर वृत्तपत्रांनी त्याचे भयंकर वर्णन केले. बायकांच्या शरीराला इतके अंतर झेपत नाही, असे ठरवून ती शर्यतच रद्द झाली. ती परत यायला १९६० साल उजाडले. म्हणजे ज्या अंतरात फॅनी पहिल्यांदा चमकल्या, ते अंतर त्यांच्या संपूर्ण कारकीर्दीत ऑलिम्पिकमध्ये नव्हतेच.

प्रशिक्षकाशी लग्न, आणि मग महायुद्ध

यान ब्लँकर्स हे तिहेरी उडीतले माजी खेळाडू. १९२८ च्या ऑलिम्पिकमध्ये ते उतरले होते. पुढे क्रीडा पत्रकार आणि प्रशिक्षक झाले. गंमत म्हणजे महिलांनी स्पर्धात्मक खेळ खेळू नयेत, असेच त्यांचे सुरुवातीचे मत होते. त्या काळात हे मत अजिबात वेगळे नव्हते. फॅनी यांना धावताना पाहिल्यावर मात्र ते बदलले.

१९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकला फॅनी १८ व्या वर्षी गेल्या. उंच उडीत सहाव्या स्थानावर बरोबरी आणि रिलेमध्ये पाचवे स्थान, एवढेच हाती लागले. पण परतताना त्यांच्याकडे जेसी ओवेन्स यांची स्वाक्षरी होती. त्याच बर्लिनमध्ये चार सुवर्णपदके जिंकणारे हे अमेरिकी धावपटू. ती स्वाक्षरी फॅनी यांनी आयुष्यभर जपली.

१९३८ साली १०० यार्डांचा विश्वविक्रम त्यांच्या नावावर लागला. त्याच वर्षी व्हिएन्नातील युरोपीय स्पर्धेत १०० आणि २०० मीटरमध्ये कांस्यपदके मिळाली. पुढचे ऑलिम्पिक १९४० चे. फॅनी तेव्हा २२ वर्षांच्या असणार होत्या, धावपटूसाठी अगदी भरातले वय. ते ऑलिम्पिक झालेच नाही. मे १९४० मध्ये जर्मनीने नेदरलँड्सचा ताबा घेतला. १९४४ चे ऑलिम्पिकही युद्धात गेले. वयाच्या २२ आणि २६ व्या वर्षीची दोन ऑलिम्पिक अशी हातची गेली. त्यांच्या पदकांचा हिशेब करताना ही वजाबाकी सहसा कोणी मांडत नाही.

ऑगस्ट १९४० मध्ये फॅनी आणि यान यांचे लग्न झाले. मुलगा झाला, त्याचे नावही यानच. डच वृत्तपत्रांनी तिथेच कारकीर्द संपल्याचे गृहीत धरले. विवाहित महिला खेळाडूच मोजक्या, त्यात आई झालेली बाई पुन्हा मैदानावर येईल, हे कोणाच्या डोक्यातच नव्हते. बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच फॅनी सरावाला लागल्या.

ताब्याखालच्या देशात, अन्नाची टंचाई असताना त्यांनी जे केले, ते आजही चक्रावून टाकते. १९४२ मध्ये ८० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत विश्वविक्रमाची बरोबरी. मे १९४३ मध्ये उंच उडीत १.७१ मीटर. आधीचा विक्रम १.६६ मीटरचा होता. उंच उडीत विक्रम एकेका सेंटीमीटरने पुढे सरकतात, इथे एकदम पाच सेंटीमीटरची झेप होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लांब उडीत ६.२५ मीटर. उंच उडीचा विक्रम १९५१ पर्यंत आणि लांब उडीचा १९५४ पर्यंत टिकला.

घर आणि मैदान एकत्र कसे जमवले?

‘गृहिणी असूनही’ असे म्हणताना लोकांना त्यात एक चमत्कार दिसत असे. प्रत्यक्षात व्यवस्था साधी होती. आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी साधारण दोन तास सराव. आजच्या व्यावसायिक धावपटूंच्या मानाने हे काहीच नाही. मुलांना घरी सांभाळायला कोणी नसेल तर ती मैदानावर सोबत. बाबागाडी ट्रॅकच्या कडेला आणि आई अडथळ्यांवर. नवरा हाच प्रशिक्षक असल्याने परवानगी मागण्याचा प्रश्न नव्हता. वेळ ठरवणे, सरावाची आखणी, स्पर्धांची निवड हे सगळे घरातच व्हायचे.

उरलेला वेळ स्वयंपाक, धुणीभांडी, शिवणटिपण यांत जाई. त्या काळी हौशी खेळाडूला बक्षिसाची रक्कम घेण्याची मुभा नव्हती, त्यामुळे विश्वविक्रम करूनही घरात पैसे वाढत नव्हते. कामाला बाई ठेवून सराव करावा, अशी ही परिस्थिती नव्हती.

इथे यान यांचे श्रेय मोठे आहे, यात शंका नाही. पण कारकीर्दीची सगळी सूत्रे एकाच माणसाच्या, तेही नवऱ्याच्या हाती होती, हेही विसरता येत नाही. प्रशिक्षकावर रागावून घरी निघून जावे, तर घरीही तोच.

युद्ध संपल्यावर मुलगी झाली, फॅनेका. त्यानंतर काही महिन्यांतच, ऑगस्ट १९४६ मध्ये ऑस्लोला युरोपीय स्पर्धा होती. १०० मीटरची उपांत्य शर्यत आणि उंच उडीची अंतिम फेरी एकाच वेळी आली. शर्यतीत फॅनी पडल्या आणि खरचटलेल्या अंगाने उंच उडीत चौथ्या आल्या. दुसऱ्या दिवशी मात्र ८० मीटर अडथळे आणि रिले अशी दोन सुवर्णपदके.

लंडनमध्ये त्या आठ दिवसांत नेमके काय घडले?

१९४८ च्या ऑलिम्पिकमध्ये ४,१०४ खेळाडू होते आणि त्यात महिला फक्त ३९०. फॅनी यांच्या नावावर तोवर उंच उडी, लांब उडी आणि अडथळ्यांसह अनेक विश्वविक्रम होते. पण नियमानुसार एका महिलेला तीनच वैयक्तिक प्रकारांत उतरता येत असे. त्यांनी १०० मीटर, २०० मीटर आणि ८० मीटर अडथळे निवडले. दोन्ही उड्या सोडल्या. लंडनमध्ये उंच उडीचे सुवर्ण १.६८ मीटरला आणि लांब उडीचे सुमारे ५.७० मीटरला गेले. दोन्ही आकडे फॅनी यांच्या विक्रमापेक्षा कमी होते. अर्थात, विक्रम एका दिवशी होतो आणि ऑलिम्पिक दुसऱ्या दिवशी, त्यामुळे ती दोन्ही पदके त्यांनी जिंकलीच असती असे म्हणणे घाईचे ठरेल.

स्पर्धेआधी टीका दोन बाजूंनी झाली. ब्रिटिश संघाचे व्यवस्थापक जॅक क्रम्प यांच्या मते तिशीतली ही बाई आता जिंकण्याच्या वयाची नव्हती. दुसरीकडे घरी पत्रे येत होती. मुलांना सोडून काय धावतेस, आखूड चड्डी घालून लोकांसमोर काय जातेस, असा त्यांचा सूर होता. यान यांनी वयाचा तो शेरा बरोबर वापरला. बायकोला चिडवायचे असले की ते तोच ऐकवायचे.

२ ऑगस्टला चिखल झालेल्या ट्रॅकवर १०० मीटरचे सुवर्ण ११.९ सेकंदांत आले. वेम्बलीचा तो ट्रॅक आजच्यासारखा कृत्रिम रबराचा नव्हता, राख-खडीचा होता. पाऊस पडला की पाय रुतायचा.

४ ऑगस्टला अडथळ्यांची शर्यत होती आणि समोर १९ वर्षांची इंग्लंडची मॉरीन गार्डनर. फॅनी यांची सुरुवात चुकली. पाचव्या अडथळ्याला पाय लागून तोल गेला आणि दोघींनी जवळपास एकत्रच रेषा ओलांडली. दोघींची वेळ ११.२ सेकंद. निकाल फोटोवर गेला. तेवढ्यात बँडने ब्रिटनचे राष्ट्रगीत सुरू केले. गार्डनर जिंकली, असेच फॅनी यांना वाटले. प्रत्यक्षात राजघराण्यातील मंडळी मैदानात आली होती, म्हणून ते वाजत होते. थोड्या वेळाने फलकावर पहिले नाव आले ते ब्लँकर्स-कून यांचे.

दोन सुवर्णपदके झाली आणि त्यांचा धीर सुटला. घरची, मुलांची आठवण येत होती. रोज शर्यती, रोज वृत्तपत्रांचा घोळका. २०० मीटरच्या उपांत्य फेरीआधी त्यांना रडू कोसळले, स्पर्धा सोडून परत जायचे म्हणाल्या. नको असेल तर धावू नकोस, असे यान यांनी सांगितले, पण ओवेन्स यांच्या चार पदकांची आठवणही करून दिली. भरपूर रडून झाल्यावर त्या ट्रॅकवर गेल्या.

६ ऑगस्टला अंतिम शर्यत झाली. महिलांची २०० मीटर ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच होत होती. फॅनी यांची वेळ २४.४ सेकंद आणि दुसऱ्या क्रमांकाची २५.१ सेकंद. सात दशांश सेकंद म्हणजे किती? त्या वेगाने साधारण साडेपाच ते सहा मीटर. टीव्हीवर अशी शर्यत दिसली तर दुसरी धावपटू शेवटच्या क्षणी चौकटीबाहेर राहिली असती. या शर्यतीच्या ऑलिम्पिक अंतिम फेरीतला हा सर्वात मोठा फरक आजही कायम आहे.

७ ऑगस्टला रिले होती आणि फॅनी जागेवर नव्हत्या. त्या रेनकोट खरेदी करायला गेल्या होत्या. शर्यतीच्या तोंडावर धावतपळत पोहोचल्या. शेवटचा टप्पा त्यांचा होता. बॅटन हातात आले तेव्हा डच संघ मागे होता. रेषेवर ऑस्ट्रेलियाला गाठून त्यांनी ४७.५ सेकंदांत सुवर्ण मिळवले. सेनिया स्टाड-डी याँग, जेनेट विट्झियर्स-टिमर आणि गर्डा व्हॅन डर काडे-कौडाइस या बाकीच्या तिघी. आडनावांतल्या जोडरेषा पाहिल्या तर लक्षात येते की त्या चौघीही विवाहित होत्या. ‘उडणाऱ्या गृहिणी’ खरे तर चार होत्या.

आठ दिवसांत ११ वेळा धावणे, चार सुवर्णपदके. याच वेम्बलीवर पाच दिवसांनी, १२ ऑगस्टला, स्वतंत्र भारताच्या हॉकी संघाने ब्रिटनला ४-० ने हरवून सुवर्ण जिंकले. भारतीय वाचकाच्या मनातले ‘लंडन १९४८’ बहुधा तेवढेच असते. खाशाबा जाधव यांचे पहिले ऑलिम्पिकही हेच. कुस्तीत ते सहावे आले होते.

‘गृहिणी’ या नावाने काय दिले, काय घेतले?

अ‍ॅमस्टरडॅममध्ये चार पांढऱ्या घोड्यांच्या बग्गीतून त्यांची मिरवणूक निघाली आणि रस्ते माणसांनी भरून गेले. राणी युलियाना यांनी त्यांना ऑरेंज-नासाऊ हा किताब दिला. शेजाऱ्यांनी सायकल भेट दिली. आता तरी पळू नकोस, सावकाश जा, अशी त्यामागची चेष्टा.

वृत्तपत्रांचे मथळे मात्र पाहण्यासारखे होते. जगातील सर्वात वेगवान बाई स्वयंपाकही उत्तम करते, ही एका ब्रिटिश दैनिकाला मथळ्याइतकी मोठी बातमी वाटली. ओवेन्स यांच्या चार पदकांनंतर त्यांना भाजी कशी जमते, हे कोणी विचारले नव्हते.

तरी हे नाव पूर्ण खोटे नव्हते. युद्धातून बाहेर पडलेल्या देशात लाखो बायका रेशनवर घर चालवत होत्या. आपल्यासारखीच एक बाई, पोरे सांभाळून, जगात पहिली येते, हे त्यांना दिसले. आई झाल्यावर शरीर संपते ही समजूत त्या आठ दिवसांत जेवढी हलली, तेवढी डॉक्टरांच्या लेखांनी हलली नसती. दुसरी बाजू अशी की दहा वर्षांतले विश्वविक्रम, युद्धातला सराव, उड्यांमधली झेप हे सगळे त्या एका लाडिक शब्दामागे झाकले गेले.

मोठेपणाची दुसरी बाजू कोणती?

१९५० मध्ये ब्रसेल्सच्या युरोपीय स्पर्धेत फॅनी यांनी तीन सुवर्णपदके जिंकली. त्याच वर्षी देशात त्यांना एक तगडी प्रतिस्पर्धी मिळाली होती, फूक्ये डिलेमा. २०० मीटरमधला फॅनी यांचा राष्ट्रीय विक्रम तिने मोडला. काही आठवड्यांतच, जुलै १९५० मध्ये, लिंगचाचणीचे कारण देऊन डच महासंघाने तिच्यावर आजीवन बंदी घातली आणि तिचा विक्रम पुसून टाकला. ती गावी परतली आणि त्यावर जवळपास कधीच बोलली नाही. २००७ मध्ये तिचा मृत्यू झाल्यानंतर झालेल्या जनुकीय तपासणीत तिच्या शरीरात दोन प्रकारच्या पेशींचे मिश्रण असल्याचे दिसले. ती बाई म्हणूनच वाढली आणि जगली होती.

यात ब्लँकर्स दाम्पत्याचा हात होता का, असा संशय नेदरलँड्समध्ये अनेक वर्षे घेतला गेला. तो सिद्ध झालेला नाही. पण ज्या जगाने फॅनी यांना आई म्हणून मैदानावर नको म्हटले, त्याच जगाने डिलेमाला बाई म्हणूनच नाकारले, हे दोन्ही एकाच संघातले आहे.

फॅनी यांच्यावर २००३ मध्ये केस कोमन यांचे चरित्र आले. पुरुषी पायांची राणी, असा त्याच्या नावाचा अर्थ. बाहेर हसतमुख असलेली ही बाई घरात माया दाखवताना अवघडायची, मनातून सतत असुरक्षित असायची आणि जिंकल्याशिवाय तिला चैन पडत नसे, असे चित्र त्यात उभे राहते. आदर्श माता ही प्रतिमा वृत्तपत्रांनी चढवली होती. चारचौघींसारखीच त्यांचीही घरात कसोटी लागत होती आणि मुलांना प्रसिद्ध आईची किंमत मोजावी लागली.

कारकीर्दीचा शेवट कसा झाला?

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला त्या ३४ वर्षांच्या होत्या. गळू आल्याने शरीर साथ देत नव्हते. अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत दुसऱ्याच अडथळ्याला धडक बसली आणि त्या थांबल्या. सुवर्ण ऑस्ट्रेलियाच्या शर्ली स्ट्रिकलंड यांना मिळाले. खाशाबा जाधव यांचे कांस्यपदक याच हेलसिंकीतले. मुंबईच्या मेरी डिसोझाही तिथे १०० आणि २०० मीटर धावल्या. भारतीय महिला ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर उतरण्याची ती सुरुवात होती.

फॅनी त्यानंतरही थांबल्या नाहीत. १९५५ मध्ये, ३७ व्या वर्षी, गोळाफेकीत त्यांनी शेवटचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. ते ५८ वे होते. वडिलांचाही प्रकार तोच. पुढे १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकपर्यंत त्या डच अ‍ॅथलेटिक्स संघाच्या प्रमुख होत्या. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकला जेसी ओवेन्स भेटले. छत्तीस वर्षांपूर्वी स्वाक्षरी घेतल्याचे सांगत त्या ओळख करून देऊ लागल्या. ओवेन्स यांना ती ओळख आधीच होती.

१९७७ मध्ये यान यांचे निधन झाले. फॅनी काही काळाने हूफडॉर्पला, बालपणाच्या गावी परतल्या. १९९९ मध्ये जागतिक अ‍ॅथलेटिक्स महासंघाने मोनाकोत शतकातील सर्वोत्तम महिला खेळाडू म्हणून त्यांचे नाव जाहीर केले. पुरुषांमध्ये तो मान कार्ल लुईस यांना मिळाला. आपले नाव ऐकून ८१ वर्षांच्या फॅनी खऱ्या अर्थाने चकित झाल्या होत्या. शेवटची वर्षे अल्झायमरमध्ये, शुश्रूषागृहात गेली. २५ जानेवारी २००४ रोजी, ८५ व्या वर्षी, हूफडॉर्पमध्येच त्यांचे निधन झाले.

हेंगेलो शहरात १९८१ पासून त्यांच्या नावाने स्पर्धा भरते आणि तिथले स्टेडियमही त्यांच्याच नावाचे आहे. त्यांच्या निधनानंतर चारच महिन्यांनी इथिओपियाच्या केनेनिसा बेकेले यांनी तिथे ५,००० मीटरचा विश्वविक्रम १२ मिनिटे ३७.३५ सेकंदांवर आणला. जून २०२१ मध्ये याच ट्रॅकवर नेदरलँड्सच्या सिफान हसन यांनी महिलांच्या १०,००० मीटरचा विश्वविक्रम केला आणि दोनच दिवसांनी इथिओपियाच्या लेतेसेनबेत गिदेय यांनी तिथेच तो मोडला. बायकांना ८०० मीटर झेपत नाही म्हणून ती शर्यत बंद झाली, त्याला तेव्हा ९३ वर्षे झाली होती.